समुद्राला तुडूम नसतो

अड्याळच्या पुढे असलेल्या खैरटोल्याच्या तलावाचा तुडूम फुटला. तुडूम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडायची मोरी. ती फुटली की पाणी कुणाला न विचारता चालू लागतं. ही बाब प्रशासनाने अत्यंत गांभीर्याने घेतली. सबब, ग्रामपंचायतीच्या निवडक सदस्यांचा समुद्रकिनारी अभ्यास दौरा काढणे क्रमप्राप्त झाले.

यात विसंगत असं काही नव्हतं. दुरुस्ती या शीर्षाखाली पैसा नव्हता, प्रशिक्षण या शीर्षाखाली होता, आणि तो मार्चअखेर परत जाणार होता. गेलेलं पाणी पावसाळ्यात येतं, गेलेला निधी येत नाही, हे विस्तार अधिकारी भोजराजसाहेबांनी सभेत समजावून सांगितलं.

"पण समुद्रच कायले, सायेब?" परसरामनं विचारलं. परसराम सदस्य होता आणि त्याची धानाची बांधी पाटाच्या अगदी शेवटाला होती. गेल्या साली धान लोंबीवर आलं तेव्हाच तलाव कोरडा पडला, आणि त्यानं उभ्या धानात गुरं सोडली. यंदा पावसाआधी तुडूम झाला नाही तर पुन्हा तेच होणार होतं.

"परसरामभाऊ, तलाव म्हणजे काय? साठलेलं पाणी. सगळ्यात जास्त साठलेलं पाणी कुठी आहे? मंग तिथंच जाऊन पाहावं लागन का नाई?"

परसरामला हे पटलं नाही. पण यादीतून नाव काढून घ्यावं, इतकंही न पटण्यासारखं वाटलं नाही.

किनाऱ्याच्या त्या गावी पाहण्यासारखं आणि करण्यासारखं पुष्कळ होतं. भोजराजसाहेबांनी प्रत्येक गोष्टीला आधीच योग्य ते शीर्ष देऊन ठेवलं होतं. समुद्रातला किल्ला ही पाण्यातील बांधकामाच्या टिकाऊपणाची पाहणी होती. डॉल्फिन पाहायला निघालेली होडी मत्स्यव्यवसायाखाली बसली. सूर्यास्त बाष्पीभवनात टाकला. सरपंच सीताबाई पॅराशूटला बांधून घेऊन बोटीमागे आकाशात गेल्या, ते लाभक्षेत्राचं हवाई सर्वेक्षण. खाली उतरल्यावर पदर सावरत म्हणाल्या, "घाईत झालं जी. सर्वेक्षण आणखी एक डाव करावं लागन."

संध्याकाळी ओहोटी लागली. पाणी मागं मागं सरकताना पाहून परसराम शेजारच्या होडीवाल्याला म्हणाला, "याचाबी फुटला वाटते. तुडूम कुठी हाये याचा?"

तुडूम म्हणजे काय ते होडीवाल्यानं ऐकून घेतलं. "समुद्राला असलं काय नसतं हो. जातं नि येतं परत."

"मंग सोडते कोण?"

"कोण नाय."

"समिती गिमिती?"

"नाय बा."

परसराम पाण्याकडं पाहत राहिला. मागं उभे असलेले भोजराजसाहेब मात्र पेन काढून लिहू लागले.

दुसऱ्या दिवशी केळ्याच्या आकाराची रबरी नाव आली. परसराम नको म्हणाला. "सामूहिक पाणीवापर आहे हा," साहेब म्हणाले, "तुमीच नाई बसले तं शेवटाच्या शेतकऱ्याचा मुद्दा मांडन कोण?" परसराम बसला. नाव उलटली, नाकातोंडात खारं पाणी गेलं, आणि तो वर आला तेव्हा बत्तिशी दाखवून हसत होता. नेमका तोच फोटो निघाला.

अहवाल वर गेला आणि वर तो फार आवडला. मुख्य निष्कर्ष असा होता: 'समुद्रास तुडूम नाही, तरीही तो आजवर आटल्याची नोंद नाही. सबब तुडूम ही जलसाठ्याची गरज नसून सवय आहे, असे प्रगतशील शेतकरी श्री. परसराम यांच्या प्रत्यक्ष चौकशीत आढळून आले.' दुरुस्तीचा प्रस्ताव निकाली निघाला. त्याऐवजी तलावाच्या पाळीवर सूर्यास्त मनोरा, जीवरक्षकाची उंच खुर्ची आणि 'आय लव्ह खैरटोला' ही रंगीत अक्षरं मंजूर झाली.

परसराम धावत कचेरीत गेला. "सायेब, मी नुसतं विचारलं होतं. असं म्हटलं नवतं."

"विचारलं म्हणूनच तं समजलं, भाऊ. तुमचं नाव वरपर्यंत गेलं."

"नाव गेलं, पण पाणीबी चाललं जी."

"आता निष्कर्ष खोडला तं म्हणतील, दौऱ्यात काही शिकलेच नाई. मंग खर्चाची वसुली." साहेबांनी मोबाइलवर तो हसरा फोटो दाखवला. "याचा दौऱ्याले विरोध होता, असं वाटते का कोणाले?"

तरी परसरामनं ग्रामसभेत सगळं सांगून टाकायचं ठरवलं. सदस्यत्व गेलं तर जावो, बांधी वाचली पाहिजे. तो उभा राहिला. समोर पाटावरचे सगळे शेतकरी तोंडं आवळून बसले होते.

"तुडूम होऊन नाई राहिला," तो म्हणाला, "आन् त्याले कारण मी आहो."

त्याच्या बांधीला बांधी लागून असलेल्या टिकारामनं घसा खाकरला. "ते पाहू बा मंग. पयले सांग, तो उड्या मारनारा मासा दिसला का?"

"दिसला."

"केवढा?"

परसरामनं हात पसरून दाखवला. नाइलाज होता.

"रूमवर गरम पाणी होतं?"

"होतं."

"एसी?"

"तेबी होती."

बायकांच्या बाजूनं त्याचीच बायको, ललिताबाई, उठली. घरी तिनं तुडमावरून वर्षभर त्याचं डोकं खाल्लं होतं. "पाणी का मानसाईचंच आहे?" ती म्हणाली. "आमाले काहून नाई नेलं अभ्यासाले?"

टाळ्या पडल्या. तुडूम नसण्याचा सखोल पुनरभ्यास करण्यासाठी पुढच्या साली महिलांसह दौरा काढावा, असा ठराव सीताबाईंनी मांडला. अनुमोदक म्हणून परसरामचं नाव लिहिलं गेलं, कारण उभा तोच होता.

पावसाळ्यात तलाव भरला आणि फुटक्या तुडमातून निवांत निघून गेला. भादव्यात परसरामच्या आणि टिकारामच्या बांधीला सारख्याच भेगा पडल्या. मनोऱ्यावरून सूर्यास्त मात्र छान दिसतो. मध्ये पाणी येत नाही.

ही हकीकत आजवर ज्या ज्या शहाण्या माणसाला सांगितली, तो हळहळला, त्यानं व्यवस्थेला दोन शिव्या हासडल्या आणि जाताना दारात थांबून हळूच विचारलं, ते किनाऱ्याचं गाव कोणतं म्हणालात? आपणही वाचताना ते नाव शोधत असाल, तर संकोच नको. यादीत अजून जागा आहे. भोजराजसाहेबांना भेटावं.