घर सोडून घरगुती

वहिनी घरी पाव भाजत असत. कायद्याच्या दृष्टीने यात आक्षेपार्ह काही नव्हतं, कारण तो पाव घरातलीच माणसं खात होती. बोभाटा झाला तो वासामुळे. भट्टी तापली की वास जिन्याने खाली उतरायचा आणि लोक जिन्याने वर चढायचे. आधी शेजारीण आली, मग शेजारणीची बहीण, मग बहिणीचं अख्खं ऑफिस. वहिनींना 'नाही' म्हणता येत नसे. धंदा वाढला तो एवढ्याच भांडवलावर.

वाढता धंदा पाहून धाकट्या दिरांना राहवेना. लागोपाठ नोकऱ्या सोडून ते आता लोकांना धंदा कसा करावा याचं मार्गदर्शन करत. स्वतःचा धंदा नसल्यामुळे त्यांना त्यासाठी भरपूर वेळ मिळे.

"वहिनी, हे लपूनछपून किती दिवस चालायचं? परवाना काढा. उजेडात या."

"भाऊजी, लपूनछपून कुठे? दार सताड उघडं असतं आपलं."

"तेच ना! दार उघडं ठेवायचं तर परवाना लागतो."

यथावकाश गृहोद्योग प्रोत्साहन कार्यालयातून निरीक्षक आले. प्रोत्साहन देण्यापूर्वी त्यांनी ओट्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरून पाहिलं आणि काहीच न सापडल्यामुळे त्यांचा चेहरा पडला. मग त्यांची नजर खिडकीजवळच्या पलंगावर गेली. तिथे सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या.

"हे काय आहे?"

"सासूबाई आहेत माझ्या."

"कच्चा माल की तयार माल?"

"अहो, माणूस आहे ते!"

"मग अडचण आहे," निरीक्षक गंभीर झाले. "अन्न तयार करण्याच्या जागी मनुष्यवस्ती चालत नाही."

"पण साहेब, परवाना घरगुती धंद्याचा आहे ना? मग घरात माणसं असणारच."

"घर हवंच. घर नसेल तर घरगुती कसं म्हणणार? फक्त घरात कोणी राहता कामा नये."

"तुमचं काय ते ठरू द्या," सासूबाई म्हणाल्या, "मी तोवर मटार संपवते."

मटार संपले आणि सासूबाईंची रवानगी नणंदेकडे झाली. "माझ्या जाण्याने पाव फुगणार असेल तर फुगू दे बापडा," एवढंच बोलून त्या रिक्षात बसल्या. वहिनी जिन्यात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. दीर म्हणाले, "वाढ म्हटली की थोडं दुखणारच."

पुढच्या तपासणीत मोरीत दाढीचा ब्रश सापडला. 'पुरुषवर्गीय वावराच्या खुणा' असा शेरा पडला आणि यजमानांनी समोरच्या इमारतीत एक खोली भाड्याने घेतली. शेवटी वहिनींच्या गालावर उशीची वळी दिसली. आता नाकारायला जागाच नव्हती. त्यांनीही गाशा गुंडाळला, त्याच दिवशी परवाना आला. घरात आता फक्त पाव राहत होता आणि कुटुंब खिडकीतून त्याच्याकडे पाहत होतं.

मागणी वाढली तशी पावालाही घर पुरेना. दिरांनी गावाबाहेर कारखाना टाकला; घर पत्त्यापुरतं उरलं. पण यंत्रातून पाव एकसारखे येऊ लागले आणि गिऱ्हाईक कुरकुरू लागलं.

"लोकांना हा पाव यंत्राचा वाटतो," दीर म्हणाले.

"यंत्राचाच आहे तो, भाऊजी."

"म्हणून तर उपाय हवा!"

उपाय म्हणून दुसरं यंत्र आलं. ते प्रत्येक पाव जरासा वाकडा करी. सगळे पाव अगदी एकसारखे वाकडे होऊ लागले आणि खप दुप्पट झाला. वेष्टनावर हसऱ्या आजीचं चित्र आलं. खऱ्या सासूबाईंचा फोटो काढून पाहिला होता. पण त्यात त्या फारच सासूबाई दिसत होत्या. वहिनींना 'संस्थापक' हे पद मिळालं. कारखान्यात जायची त्यांना बंदी होती. मोकळे केस, अंगठ्या आणि मतं आत न्यायची नाहीत, असा तिथला नियम होता.

एका रविवारी मात्र वहिनींना राहवलं नाही. भाड्याच्या खोलीत त्यांनी छोटी भट्टी पेटवली आणि परात मांडली. कित्येक महिन्यांनी कणीक हाताखाली आली होती. ती कोमट होती, हट्टी होती, दाबली की परत वर येत होती. वहिनी मळत राहिल्या, गरजेपेक्षा जास्तच. सासूबाईंना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. त्यांनी पावाचा कडेचा तुकडा मोडला, लोणी लावलं आणि बराच वेळ चावत बसल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आलीस का परत?"

वहिनींना हसावं की रडावं कळेना. यजमानांनी तेवढ्यात दुसरा तुकडा उचलला.

वास मात्र आपल्या जुन्या सवयीने जिना उतरला होता. गल्लीतली मंडळी वर आली. तीच शेजारीण, तिची बहीण, ओळखीचे चेहरे. वहिनींनी हौसेने सगळ्यांच्या हातावर तुकडे ठेवले.

"छान आहे हो," शेजारीण घास घोळवत म्हणाली, "पण आपल्या त्या घरगुती पावाची सर नाही याला."

"अगं, तो पाव माझाच..."

"असू दे. सवयीने येईल हळूहळू." तिने वहिनींच्या खांद्यावर थोपटलं. जाताना मंडळींनी उरलेला पावही मुलांसाठी म्हणून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरीक्षक दारात हजर.

"राहत्या जागेत पाव भाजता, अशी तक्रार आहे. शिवाय एका नावाजलेल्या घरगुती पावाची नक्कल करता म्हणे."

"साहेब, तो पाव माझा, तो परवाना माझा, ते समोरचं घरसुद्धा माझं!"

"त्या घरात कोणी राहत नाही, म्हणून तो पाव घरगुती. इथे तर तुम्ही सहकुटुंब राहताना रंगेहाथ सापडलात." त्यांनी भट्टीला सील ठोकलं. ताटलीत झाकून ठेवलेला एक तुकडा तेवढा उरला होता, तो नमुना म्हणून ताब्यात घेतला आणि तिथल्या तिथे त्याची तपासणी करून टाकली. मग मिशीवरचे कण झटकले.

"निदान तक्रार कोणी केली ते तरी सांगा," वहिनी म्हणाल्या.

"तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायचा नियम आहे."

तो नियम इथेही पाळलेला बरा. कारण तक्रारदाराने ही गोष्ट इथपर्यंत मोठ्या चवीने वाचली आहे आणि निरीक्षकाला पोटभर नावंही ठेवली आहेत.