गहिनीनाथाचं जर्मन पारायण

घरोघरी उंदीर मरून पडू लागले तसं लिंबागणेशजवळचं ते गाव रिकामं झालं आणि माणसं रानात खोपटी घालून राहू लागली. गहिनीनाथाने भांडीकुंडी आईच्या डोक्यावर दिली आणि स्वतः छातीशी धरून आणलं ते नगरच्या जुन्या बाजारात मिळालेलं जर्मन भाषेचं व्याकरण. जालन्याला कापूस घेणाऱ्या एका जर्मन साहेबाला मुन्शी हवा होता, आणि दिवाळीनंतर साहेब स्वतः इम्तिहान घेणार होता. निजामाच्या मुलखात उर्दू येणारे पैशाला पासरी, पण जर्मन येणारा कोण? आईला घेऊन ह्या प्लेगातून बाहेर पडायची गहिनीनाथाला तेवढीच एक वाट दिसत होती.

सुरुवातीला भाषा त्याला घरचीच वाटली. गौण वाक्यात क्रियापद थेट शेवटी जाऊन बसायचं, अगदी मराठीसारखं. पण साध्या वाक्यात तेच क्रियापद पुढे घुसून दुसरी जागा अडवायचं. त्यात प्रत्येक क्रियापदाला आपापलं अव्यय चिकटलेलं. जर्मन माणूस वाट पाहतो ती कुणाच्या तरी 'वर', आणि भितो तो कशाच्या तरी 'पुढे'. का, ते पुस्तक सांगत नव्हतं. मग त्याने लहानपणी स्तोत्रं पाठ केली तीच तऱ्हा धरली. पहाटे विहिरीवर अंघोळ करायची, ओल्या पंचाने पूर्वेकडे तोंड करून बसायचं आणि डुलत डुलत खड्या आवाजात सुरू करायचं, "वार्टेन आउफ, डेंकेन आन, फ्युर्श्टेन फोर, श्टेर्बेन आन..."

खोपटाला भिंती कुठल्या? कडब्याच्या ताट्या, विहिरीवरचा सूर थेट आत यायचा. शेजारच्या बायनाबाईला ताप होता, तो उतरला. साधाच ताप होता, प्लेगची गाठ नव्हतीच. पण संध्याकाळी ती नारळ घेऊन दारात उभी.

"गहिनीनाथा, तुझ्या जपानं उठले रं बाबा."

"आवं काकू, जप न्हाई त्यो. जर्मन व्याकरण हाय."

"असंल की. द्येवाला काय, समद्या भाषा येत्यात."

तो आणखी काही बोलायच्या आत आईने नारळ फोडलाही होता. मग रोज कुणी ना कुणी येऊ लागलं. कुणाचं पोर कण्हत होतं, कुणाची म्हैस खात नव्हती. गहिनीनाथाने हिशेब केला, घोकायचंच आहे तर विहिरीवर काय आणि म्हशीपुढे काय! तो जाऊ लागला, आणि त्याचं व्याकरण खरंच पक्कं होत गेलं.

मग एका सकाळी वच्छलाबाई धावत आली. रामहरीची बायको, आणि रामहरी तर त्याचा लंगोटीयार.

"भावजी, चला. ह्येंच्या काखंत गाठ आलीया."

गहिनीनाथाने पुस्तक मिटलं. "वयनी, खरं सांगतो, माज्या बोलण्यानं गाठ उतरत न्हाई."

"बायनाकाकूची उतरली."

"तिला गाठ नव्हतीच."

"मंग काय करू मी, त्ये तरी सांगा."

ते त्याला ठाऊक नव्हतं. तिथे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तो जाऊन उशाशी बसला आणि म्हणू लागला. त्या सुराने रामहरीचा डोळा लागायचा. पायाशी बसलेली वच्छलाबाई ओठ हलवत त्याच्या मागोमाग म्हणायची.

एका दुपारी म्हणता म्हणता रामहरीने डोळे उघडले आणि मित्राकडे टक लावून पाहिलं. पुढचा शब्द होता 'श्टेर्बेन आन'. म्हणजे कशाने तरी मरणे. इतके दिवस गहिनीनाथ तो बेधडक म्हणत आला होता. त्या डोळ्यांपुढे त्याला तो म्हणवेना. तो गाळून त्याने पुढचं क्रियापद धरलं. दिवस मावळायच्या आत रामहरी गेला.

मग जो तो म्हणू लागला, पाठात खोट राहिली. बायनाबाईने नारळ परत मागितला. तो केव्हाच चटणीत गेला होता, तर तिने गहिनीनाथाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. आजाऱ्याच्या खोपटापाशी त्याला कुणी फिरकू देईना. घोकायला त्याला आता निवांतपणाच निवांतपणा मिळाला.

दिवाळीनंतर तो जालन्याला गेला. साहेबाने विचारलेलं एकही क्रियापद अडलं नाही. साहेब चकित झाला आणि तिथल्या तिथे नोकरी पक्की झाली. पण परत येताना गहिनीनाथाला म्हणावा तसा आनंद होईना.

आईला न्यायला तो रानात आला, तर बांधावर वच्छलाबाई उभी. कपाळ पांढरं.

"भावजी, त्या दिशी चौथा मंतर गाळला तुमी. मला समदं पाठ हाय."

ह्या बाईशी खोटं बोलणं त्याच्याने होईना. "वयनी, मंतर न्हाई त्यो. त्या सबदाचा अर्थ मरण. रामहरीपुढं माज्या तोंडातून निघंना."

ती बांध उतरून समोर आली.

"मंग कावून गाळला? मरण पोथीतलं व्हतं, पोथीतच म्हणून टाकायचं. तुमी त्याला तिथं बसू दिलं न्हाई, म्हणून त्ये आमच्या घरात यून बसलं."