आण्णा आपल्याला सोडून गेले

डेमो द्यावा तर दिग्विजयनं! समोरचं गिऱ्हाईक कितीही चिवट असो, मी बोलायला लागलो की त्याचा हात आपोआप खिशाकडं जातो. तो खिसा घट्ट धरायला जातो, असं माझी बायको स्वप्नाली म्हणते. पण ती प्रोग्रामर आहे, तिला विक्रीतलं काय कळतंय!

साताऱ्यात आमची सॉफ्टवेअर कंपनी आहे, ‘गुणगौरव’. कोण माणूस कशात हुशार, कुणाला बढती द्यावी, कोण गेला तर त्याच्या जागी कोण, हे सगळं आमचं सॉफ्टवेअर सांगतं. ह्याला टॅलेंट मॅनेजमेंट म्हणतात. दुसऱ्यांचं टॅलेंट सांभाळता सांभाळता आमचंच दिवाळं निघायची वेळ आली होती. लोणंदच्या एका डेअरीनं आम्हाला सोडलं. महाबळेश्वरचं एक हॉटेल पावसाळ्यात बंद झालं, ते आमच्यापुरतं परत उघडलंच नाही. कामाला पोरं होती, त्यांनी आमच्याच सॉफ्टवेअरवर आपापले गुण तपासले आणि सगळी पुण्याला निघून गेली! उरलो मी आणि स्वप्नाली. इंटरनेट खालच्या मोबाइलवाल्याचं. तो जेवायला गेला की आमची कंपनी बंद!

अशात सांगलीहून आर्जवचा फोन आला. त्याचे वडील तवनाप्पा, म्हणजे सगळ्यांचे आण्णा, यांचा हळद दळायचा कारखाना, दीडशे माणसं कामाला. आर्जवला सॉफ्टवेअर हवं होतं, आण्णांना नको होतं. “तुम्ही आण्णांना पटवा, बाकी मी बघतो,” तो म्हणाला.

गाडीत स्वप्नालीनं सांगून टाकलं, “ही ऑर्डर गेली तर मी दुसरीकडं नोकरी धरणार.”

“आणि मी?”

“तुझं सॉफ्टवेअरला विचार! आणि हे बघ, आर्जवनं डेमोसाठी सगळ्यांचे खरे मोबाइल नंबर दिलेत. सुरू करण्याआधी निरोप पाठवायचं बटण बंद कर.”

“अगं, मला शिकवतेस?”

कारखान्यात पोचलो तर सगळी दुनिया पिवळी! माणसं पिवळी, भिंती पिवळ्या, दारातलं कुत्रं पिवळं. आर्जव बँकेत गेला होता. स्वप्नाली हिशेबनीसाच्या खोलीत बसली आणि मी एकटाच तवनाप्पांच्या केबिनमध्ये शिरलो. एसी चालू, काचेला पडदे, दार बंद. आण्णांनी स्वतःचा मोबाइल आवाज बंद करून खणात टाकला.

“काय हाय ते लौकर दावा. माझ्या माणसांचं गुण मला ठावं हायत. त्याला मशीन कशाला?”

“आण्णा, समजा एखादा महत्त्वाचा माणूस गेला, तर त्याची जागा कोण घेणार?”

“कोन जातंय?”

“कुणीही! समजा, तुम्हीच!”

आणि मी ऐटीत त्यांच्या नावावर बोट ठेवलं, ‘गेले’ असं निवडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर नाव आलं, नानासो, मुकादम.

आण्णांच्या भुवया कपाळाच्या वर निघून गेल्या. “माझ्या जागी नाना? आन् आमचा आर्जव?”

“नोकरीची वर्षं नानासोंची जास्त आहेत ना...”

मी अजून समजावतोय, तोवर धाडकन दार उघडून स्वप्नाली आत! तोंड हळदीपेक्षा पिवळं.

“तू बटण बंद केलं नाहीस!”

तिनं हिशेबनीसाचा मोबाइल माझ्यासमोर धरला. आता तुम्हाला सांगायला हवं, की निरोपांचा मराठी मजकूर माझा. स्वप्नालीनं नुसतं ‘अमुक यांनी नोकरी सोडली आहे’ असं लिहिलं होतं. कोरडं! मी त्यात जीव ओतला होता. आता तोच मजकूर दीडशे मोबाइलवर जाऊन पडला होता: ‘कळवण्यास अत्यंत दुःख होते, की आपले लाडके तवनाप्पा आपल्याला सोडून गेले. त्यांची उणीव भरून निघणे नाही. आजपासून त्यांचा कारभार नानासो पाहतील.’

बाहेर चक्क्या थांबल्या. एवढी शांतता, की एसीचं पाणी ठिबकलेलं ऐकू आलं. आणि मग एकदम हंबरडा!

मी दाराकडं धावलो. आण्णांनी माझी कॉलर धरली. “थांब! कुनी भाईर जायाचं न्हाई. बघू दे जरा.”

आम्ही तिघं पडद्याच्या फटीतून बघायला लागलो. अंगणात पिवळी गर्दी जमली होती. रडून रडून सगळ्यांच्या गालांवर दोन दोन स्वच्छ ओघळ पडलेले. पाकिटं भरणाऱ्या अंबूबाई छाती बडवत होत्या.

“देवमानूस व्हता गं! पर औंदाच्या बोनसचं काय म्हनून गेला का?”

आण्णा पुटपुटले, “बघ, अंबूचं डोस्कं जाग्यावर हाय.”

एवढ्यात नानासो मुकादम पोत्यांच्या थप्पीवर चढले. डोळ्याला टॉवेल लावून म्हणाले, “गड्यांनो, मला ह्यातलं काय नगं व्हतं. पर आण्णांची इच्छाच हाय, तर मी न्हाई कसं म्हनू? आज समद्यांना भरपगारी सुट्टी! आन् उद्यापासनं माझ्या च्यामंदी साखर जास्त!”

“सुट्टी!” आण्णांनी दात खाल्ले. “मेलो न्हाई तवर कारखाना बंद केला ह्यानं!”

फाटकाशी रिक्षा थांबली. आण्णांच्या पत्नी गुणमालाकाकी उतरल्या. कागदोपत्री त्यांनाही कारखान्यातून पगार, म्हणजे यादीत त्याही! पण त्या रडत नव्हत्या. गर्दी हातानं बाजूला सारत सरळ केबिनमध्ये आल्या, नवऱ्याकडं खालून वर बघितलं आणि म्हणाल्या, “वाटलंच मला. आत्ता फोनवर भाजीत मीठ कमी म्हनून वरडत व्हता, एवढ्यात कसं जाल? डबा संपवला का?”

“संपवला,” आण्णा एकदम बारक्या आवाजात म्हणाले.

मी हसणार होतो, तेवढ्यात आर्जव आला. मोटारसायकल फाटकातच आडवी टाकून धावत आला. एका पायात बूट, एक कुठंतरी पडलेला.  तो अंगणातल्या एका पोत्यावर मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

“सकाळी भांडलो त्यांच्याशी. म्हातारं झालायसा, कायबी कळत न्हाई म्हनलो. त्येच ऐकून गेलं माझं आण्णा!”

आण्णांचा हात माझ्या कॉलरवरून सुटला.  चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, तोच परत पुसला आणि दार उघडून बाहेर गेले.

काय गोंधळ उडाला! अंबूबाई किंचाळून हळदीच्या ढिगात बसल्या. चौघं पाठीमागच्या दारानं पळाले. नानासो थप्पीवरून उतरायला गेले, ते पोत्यासकट खाली! आणि आण्णा त्या सगळ्यांतून चालत जाऊन पोराशेजारी पोत्यावर बसले.

“रडू नगं रं. कळतंय मला, जरा उशिरा कळतंय एवढंच.”

आर्जवनं त्यांना एवढी घट्ट मिठी मारली, की दोघांच्या मधून हळदीचा धुरळा निघाला. स्वप्नालीनं डोळे पुसले. मीही पुसले आणि हात हळदीचे असल्यामुळं पुढं तासभर चोळत बसलो.

नंतर चहा आला. मला वाटलं, तवा तापलाय, पोळी भाजून घ्यावी.

“आण्णा, मग ऑर्डरचं कसं करायचं?”

“कसली ऑर्डर? कोन कसा हाय ते समदं अर्ध्या तासात कळलं की मला! आता तुमचं मशीन घिऊन काय करू? आन् आर्जवला कारभार द्यायचा, ते मगाशीच ठरलं.”

परत येताना गाडीत स्वप्नाली एक शब्द बोलली नाही. कराड गेलं, उंब्रज गेलं, तरी नाही. ही गप्प बसली की मला स्पीडोमीटरचा काटासुद्धा माझ्यावर उगारलेला वाटतो.

साताऱ्याच्या अलीकडं फोन वाजला. सांगलीतलेच दुसरे एक कारखानदार. तवनाप्पांची हकीकत बाजारभर झाली होती. स्वप्नालीनं स्पीकर लावला.

“तुमचं ते सॉफ्टवेअर बिफ्टवेअर नगं आमाला. तेवढा मेल्याचा मेसेज पाठवून द्याल काय? घरातलं कोन खरं रडतंय, बघायचं व्हतं.”

“असले धंदे आम्ही करत नाही!” स्वप्नालीनं खाडकन सांगितलं.

अगदी बाणेदार उत्तर! मला तिचा अभिमान वाटला. फक्त, त्याच क्षणी मीही बोललो होतो, ते स्पीकरवर त्यांना ऐकू गेलं.

मी एवढंच विचारलं होतं, “किती द्याल?”