तीन वाजता चटणी

आमचे निवृत्ती भावजी जेवायला बसले की ताटाचं घड्याळ होतं. भात बारा वाजता, चटणी तीन वाजता, भाकरी सहा वाजता, कालवणाची वाटी नऊ वाजता. वाढणारीचा हात जरा हलला तर लगेच तक्रार, "वैनी, चटणी सरकली. तीनला होती, चारला गेली."

एकदा लातूरकडचे एक पाहुणे त्यांच्या पंगतीला बसले होते. दुपारचा दीड वाजला असेल. भावजी आतल्या बाजूला तोंड करून ओरडले, "पाहुण्यांना तीन वाजता चटणी!" पाहुण्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं आणि गुपचूप कोरडी भाकरी खाल्ली. त्यांना वाटलं, ह्या घरात चटणी उशिरा वाढतात.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. फौजेत होते. तिथं नव्या पोरांना नकाशा वाचायला शिकवायचे. घड्याळाची पद्धत तिथलीच. आपल्या नाकासमोर बारा, उजव्या हाताला तीन, पाठीमागं सहा. 'त्या झाडाच्या तीन वाजता बघा' म्हटलं की सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी जाते म्हणे. फौजेत जात असेल. आमच्या घरात घड्याळाकडं जायची.

सासूबाईंनी नाव निवृत्ती ठेवलं, सरकारनं त्यांना निवृत्त केलं, पण नकाशा काही त्यांना सोडून निवृत्त झाला नाही. येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात डावं-उजवं हे शब्द त्यांनी बंद पाडायला घेतले. "डावं कुणाचं डावं? तुमचं का माझं? दिशा सांगा!" असं म्हणून म्हशीलासुद्धा "पूर्वेला सरक" म्हणायचे. म्हैस सरकायची नाही, तर म्हणायचे, "हिचा नकाशा सेट न्हाय."

नकाशा सेट करणं म्हणजे कागदावरची उत्तर आणि जमिनीवरची उत्तर एका रेषेत आणणं. हे मला आता कळतं. मी नवी नवरी होते तेव्हा भावजी सुट्टीवर आले आणि मला म्हणाले, "वैनी, उत्तर किती असत्यात सांगा."

मी म्हटलं, "प्रश्न काय त्यावर हाय."

"तीन! एक खरी उत्तर, एक नकाशाच्या चौकटीची उत्तर आणि एक सुईची उत्तर."

मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. मी बार्शीची. आता बार्शी म्हणजे काही लंडन नव्हे, पण तेव्हा मला तसं वाटायचं. सासरच्या गावात उतरले तेव्हा नाकाला पदर लावून उतरले होते. 'आमच्या बार्शीत' हे दोन शब्द लावल्याशिवाय माझं वाक्य सुरू होत नसे. सासूबाई तर मी तोंड उघडलं की आधीच म्हणायच्या, "व्हय, तुमच्या बार्शीत."

त्याच सुट्टीत आम्ही येरमाळ्याच्या येडेश्वरीला पायी नैवेद्य घेऊन निघालो. भावजी, आमचे हे, मी आणि भावकीतल्या चारदोन बायका. देवीचा डोंगर घरातनं दिसत होता. सरळ डोंगराकडं चालत जायचं, एवढंच काम. पण फौजेत दिसतंय म्हणून कुणी जात नाही. भावजींनी खिशातून होकायंत्र काढलं. झाकण उघडलं, डोळ्याला लावलं, डोंगर किती अंशांवर आहे ते बघितलं. बायका देवाचं काही असेल म्हणून हात जोडून उभ्या राहिल्या.

मला राहवेना. मी म्हटलं, "द्या हिकडं. आमच्या बार्शीत गल्ल्या काय कमी हायत? मी नेते सगळ्यांना."

भावजींनी समजावून सांगितलं, सुई ह्या रेघेवर ठेवायची आणि बाणाकडं चालायचं. मी मान हलवली. ऐकलं काहीच नाही, पण मान फार छान हलवली. माझ्या डाव्या काखेत पुरणपोळ्यांसाठी घेतलेला लोखंडी तवा होता, उजव्या हातात होकायंत्र. निघाले सेनापतीसारखी.

पुढं ज्वारी लागली. डोक्याच्या वर गेलेली. डोंगर दिसेनासा झाला. कुणीतरी मागनं म्हणालं, "आगं, ऊन मगाशी पाठीवर व्हतं, आता तोंडावर कसं आलं?" मी म्हटलं, "ऊन हलतंय." सुई तव्याकडं बघत होती, मी सुईकडं बघत होते आणि सगळी वरात माझ्याकडं बघत होती. भावजींना दोनतीनदा शंका आली, पण थोरल्या भावजयीच्या हातातलं हिसकावणार कसं?

एकदाची ज्वारी संपली आणि समोर घरं दिसली. मी तवा उंचावून ओरडले, "आला बघा येरमाळा!" मग मी गावाची परीक्षा सुरू केली. "काय बाई गाव! दारात उकिरडा. भिंतीला पोपडे. आमच्या बार्शीत असल्या घरात कुणी पोरगी देणार न्हाय."

भिंतीपलीकडून आवाज आला, "तुझ्या बापानं दिलीया की!"

सासूबाई होत्या. ती आमच्याच घराची मागची बाजू होती.

त्या दिवशी भावजींनी मला होकायंत्राचा पहिला धडा दिला. "लोखंड जवळ असलं की सुई खरी उत्तर सोडती, वैनी. लोखंडाकडं जाती. तिचा दोष न्हाय." एवढं बोलून त्यांनी तव्याला सलाम केला. पुढं कित्येक वर्षं घरात काही हरवलं की सगळे विचारायचे, "तवा कुठं ठेवला होता?"

तर असे भावजी आणि अशी मी. हे सगळं तुम्हाला सांगायला बसले ते शेवंतामुळं. शेवंता म्हणजे भावजींची बायको, माझी धाकटी जाऊ. तोंडाळ, हसरी, गल्लीत कुणाकडं काय शिजतंय ते वासावरून सांगणारी. भावजींच्या घड्याळाचा तिला भारी राग. "तीन वाजता चटणी म्हनं! सहा वाजता मी म्हायेरी जाते बघा," म्हणायची.

मग तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उपचार झाले, सोलापूर झालं, पण गेलेली नजर परत येत नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. कडेकडेनं अंधार आत येत गेला आणि गेल्या दिवाळीपर्यंत सगळंच मिटलं. तेव्हापासून शेवंतानं उंबरा ओलांडला नाही. भावजी हात धरून न्यायला तयार होते. तीच तयार नव्हती.

मला म्हणाली, "आक्का, दाव्याला धरून म्हस नेत्यात तशी मला नेत्यात. पोरं बघत्यात, बाया च्यक् च्यक् करत्यात. माझी मी तुमच्या घरी यीन, च्या पीन आन माझी मी परत जाईन. तसं जमलं तर भाईर पडंन. न्हायतर हितंच बरी."

चुली कधीच्या वेगळ्या झालेल्या, तिच्या घरापासून माझं घर दोन गल्ल्या पलीकडं. पण त्या दोन गल्ल्या तिला आता येरमाळ्याहून लांब झाल्या होत्या.

एके सकाळी मी गेले तर भावजी अंगणात वाळू पसरून खेळत बसलेले. साठी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर. ओढ्याची वाळू, तिच्यात काड्यांनी ओढलेल्या गल्ल्या, विजेच्या खांबांच्या जागी तुराट्या, मारुतीच्या देवळाच्या जागी उपडी वाटी, गिरणीच्या जागी दाराची खिळखिळी बिजागरी.

मी म्हटलं, "भावजी, आता भातुकली काढली का?"

"सँड मॉडेल हाय, वैनी. लढाईच्या आधी वाळूत मुलूख मांडत्यात."

"आन ही लाल मिरची कशाची?"

"तुमचं घर."

मी कमरेवर हात ठेवले. भावजी शांतपणे म्हणाले, "खूण कशी, लांबनं कळली पायजे."

आतून शेवंता हसली. दिवाळीनंतर पहिल्यांदाच तिला हसताना ऐकलं, म्हणून मी मिरची होणं कबूल केलं.

मग रोज सकाळी शेवंता वाळूपुढं बसायची आणि बोटांनी गाव चालायची. भावजी शिकवायचे. पावलं मोजायला सांगितली, तर ती म्हणाली, "पावलं मोजत बसले तर वाटंत बोलू कवा?" मग त्यांनी आवाजांवर आणली. "दोन ओळखीच्या खुणा धर. त्या कुठल्या अंगाला हायत ते कळलं की तू कुठं हायस ते कळतं. एका बाजूला सार्वजनिक नळ गळतो, त्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला गिरणी."

गिरणी सगळ्यात महत्त्वाची. तिच्यापुढं वाट फुटते. एक फाटा माझ्या घराकडं येतो, दुसरा थेट ओढ्यात उतरतो. आमच्या गिरणीच्या पट्ट्याला जोड आहे, त्यामुळं ती चालताना खटाक-खटाक वाजते. ती खटाक-खटाक पाठीमागं ठेवली की समोर मी. शेवंतानं बोट मिरचीवर टेकवायचं आणि म्हणायचं, "पोचले. च्या टाका."

आणि जेवताना? एक दिवस मी कानांनी ऐकलं. शेवंताच विचारत होती, "तीन वाजता काय हाय आज?" भावजी म्हणाले, "जवसाची." ती हात न चाचपडता बरोबर तिथं घेऊन गेली. इतक्या वर्षांत ह्या घड्याळाला मी जेवढी हसले, तेवढी त्या क्षणी गप्प बसले. माझ्यासाठी ते अवघडच असतं.

ठरलेल्या दिवशी दुपारी चहाच्या वेळेला शेवंता निघणार होती. तिनं आम्हा दोघांकडून वचन घेतलं. मला बजावलं, "आक्का, दारातनं हाक मारायची न्हाय." भावजींना बजावलं, "तुमी माझ्या मागं यायचं न्हाय." भावजींनी टाच आपटून कबूल केलं.

मी ओट्यावर उभी. तिथून गिरणी आणि फुटलेली वाट दोन्ही दिसतात. हातात काहीतरी असावं म्हणून तवा घेऊन उभी होते. का, विचारू नका.

शेवंता नळापाशी दिसली. काठी टेकत, मान ताठ. पदर नीट घेतलेला. एका बाईनं विचारलं, "शेवंताबाई, सोडू का?" ती म्हणाली, "मला वाट म्हायत हाय. तुला कुठं जायचं असलं तर तुला सोडते." मी तवा छातीशी आवळला.

ती गिरणीजवळ आली, आणि लाईट गेली.

गिरणीचा पट्टा फडफडला, मंदावला, थांबला. गल्ली एकदम मुकी झाली. शेवंता फाट्यावर उभी राहिली. तिनं मान इकडं वळवली, तिकडं वळवली. काठी ओढ्याच्या बाजूला गेली. एक पाऊलही गेलं. माझ्या तोंडात हाक आली होती, पण मी पदर दातांत धरला. आज मी ओरडले तर ती पोचेल, पण पुन्हा कधी निघणार नाही, हे माझ्यासारख्या बार्शीकरणीलाही कळत होतं.

तेवढ्यात खटाक-खटाक सुरू झालं.

बघते तर गिरणीच्या दारात भावजी! हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि लाकडी दांडकं. चेहरा असा गंभीर, जणू झेंड्यापुढं उभे आहेत. गिरणीवाला पिठानं पांढरा होऊन बाजूला आ वासून उभा. भावजी डबा बडवतायत, खटाक-खटाक, खटाक-खटाक. नंतर मी त्यांना वचनाची आठवण करून दिली तेव्हा म्हणाले, "मागं कुठं गेलो? बगलेनं गेलो."

शेवंता थबकली. कान दिला. काठी परत आली, आवाज पाठीशी घेतला आणि ती सरळ माझ्या ओट्यापाशी आली. काठीनं पायरी वाजवली.

"पोचले, आक्का. च्या टाका."

मी तिला आत बसवलं. डोळे पुसायचे होते, पण मी चुलीचा धूर झाला म्हटलं. घरात गॅस आहे हे तिला माहीत आहे.

तिनं चहा घेतला. बाहेर डबा चालूच. माणसाला थांबायची आज्ञा मिळाली नव्हती ना! ती परत जाईपर्यंत ते वाजवणार होते. शेवंतानं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "आक्का, अजून अर्धा कप द्या."

"थंडावलाय आता."

"असू द्या. जरा वाजवू द्या त्यास्नी."

मी भांडं खाली ठेवलं. "तुला कळलं?"

"गिरणी कदी लेफ्ट-राइट करती का?" ती म्हणाली. "पर त्यास्नी सांगू नका. त्यांची खूण हाय ती."

दुसरा कप तिनं अगदी सावकाश घेतला. मग उठली. मी सोडायला गेले नाही, ओट्यावरच उभी राहिले. ती फाट्याशी पोचली तोच लाईट आली. गिरणी सुरू झाली. आता गल्लीत दोन गिरण्या वाजायला लागल्या. खरी घरघरत खटकत होती, आणि भावजींना बहुतेक ऐकूच आलं नाही, ते घामाघूम होऊन, डोळे मिटून डबा बडवत होते.

शेवंताचं घर नळाच्या अंगाला. तिनं तिकडं वळायला हवं होतं. ती वळली नाही. सरळ डब्याच्या आवाजाकडं चालत गेली आणि काठीचं टोक त्याला लागल्यावर थांबली.

भावजींनी डोळे उघडले. दांडकं खाली गेलं. धाप लागलेली असतानाही शिकवणं सुटलं नाही. "वाट चुकलीस, शेवंते. घर पश्चिमेला हाय."

"म्हायत हाय," शेवंता म्हणाली, आणि हात पुढं केला.