समुद्रदर्शन : सव्वाअकरा ते सव्वाबारा

खानविलकरकाकांकडून वाटीभर शिरा आला, तरी त्याच्याबरोबर एक कागद येतो. 'स्टीलची वाटी एक, झाकणासह, परत करण्याच्या अटीवर. पोच द्यावी.' खाली सहीसाठी रेघ. पहिल्यांदा मला वाटलं, गंमत करतायत. मी हसत वाटी घेतली आणि दार लावायला लागले, तर काका दारातच उभे. खिशातून पेन काढून त्यांनी माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, "मॅडम, रेकॉर्डवर असू द्या." मी सही केली. शिरा तोवर गार झाला होता.

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे कागदोपत्री झाले. प्रत्यक्षात मंत्रालय त्यांनी घरी आणलंय. त्यांच्या कपाटात लाल फितीनं बांधलेल्या फाइली आहेत. 'गीझर'. 'जिन्यातला दिवा'. 'कबुतरे, खंड दोन'. खंड एक मी पाहिलेला नाही आणि बघायची इच्छाही नाही.

घरात माणसं दोनच. काका सदुसष्ट वर्षांचे आणि त्यांची बहीण आक्का त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. लग्न दोघांनीही केलं नाही. आक्का शाळेत शिक्षिका होत्या. काका घरातसुद्धा चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवतात, 'संध्याकाळी खिचडी करावी असा प्रस्ताव आहे', आणि आक्का त्याच चिठ्ठीवर लाल पेननं लिहितात, 'कर की मग.'

तर हे काका गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्याकडे आले. मी नोएडात आयटीत नोकरी करते. "तुम्ही आयटीत आहात, टायपिंग येतच असेल," असं म्हणून त्यांनी हातानं लिहिलेली एक नोटीस माझ्यासमोर ठेवली. सोसायटीतल्या मराठी मंडळींची कोकणात सहल. शुक्रवारी रात्री विमानानं मुंबई, शनिवारी पहाटे बसनं समुद्रावर, आणि त्याच रात्रीच्या विमानानं परत दिल्ली. मी म्हटलं, "काका, समुद्र बघायला एवढ्या लांब जायचं, तर निदान एक रात्र राहू या ना."

काकांनी नोटीस उलटी करून ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, हे रेकॉर्डवर नको." मी चाटच पडले. काकांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

गोष्ट अशी होती. त्यांची आई गेली तेव्हा काका सहा महिन्यांचे होते. वडील, म्हणजे अण्णा, दिल्लीत कारकून. त्यांनी गावी येऊन दोन्ही मुलांना दिल्लीला आणलं, आणि अकरा वर्षांच्या आक्कांनी या बाळाला वाढवलं. गाव अगदी समुद्रावरचं, पण त्यानंतर आक्का एकदाही तिथे गेल्या नव्हत्या. काकांनी सर्व्हिस बुकात मूळ गाव म्हणून त्याचंच नाव लिहिलं होतं. सरकार दर दोन वर्षांनी गावी जायला सवलत देतं, ती त्यांनी एकदाही घेतली नाही, कारण दर वेळी आक्का म्हणायच्या, "तिथं आता कोण आहे आपलं?" आणि आता अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, दोन्ही गुडघे गेल्यावर, एका संध्याकाळी त्या आपणहून म्हणाल्या, "दिगू, एकदा समुद्र बघायचा होता. पण रात्री राहणार नाही हं मी तिथं."

"मग प्रश्न काय आहे?" मी विचारलं.

"ती रात्री राहणार नाही म्हणते, कारण तिला भीती वाटते. राहिली तर पाय निघणार नाही. मला सांगत नाही, पण मला कळतं." काका चष्मा पुसत होते. "माझ्यासाठी तिला त्या गावातून उचलून आणलं, मॅडम. लहान पोरगी होती. आता समुद्र बघितला आणि म्हणाली, मी इथेच राहते, तर मी कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

मी नोटीस टाइप करून दिली. एरवी चार टोमणे मारले असते, त्या दिवशी नाही मारले.

बाकी सहलीचं वेळापत्रक म्हणजे बघण्यासारखी चीज होती. 'प्रस्थान ६.००. लघुशंका ८.१० ते ८.२०.' (ज्यांना साडेआठला लागेल त्यांनी काय करायचं, याचा खुलासा नव्हता.) 'समुद्रदर्शन ११.१५ ते १२.१५. भोजन. परतीचं प्रस्थान १.००.' आणि विमान रात्री पावणेअकराचं. मी विचारलं, एक वाजता निघून सहाला विमानतळावर पोचायचं आणि मग पावणेपाच तास करायचं काय? काकांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. 'धुक्यासाठी राखीव : २ तास. व्हीआयपी मूव्हमेंट : ४५ मिनिटे.' मी म्हटलं, "काका, कोकणात कसलं धुकं?" ते म्हणाले, "फेब्रुवारी आहे मॅडम. फेब्रुवारीत धुकं असतं." दिल्लीत सदुसष्ट वर्षं काढलेल्या माणसाला हे कोण समजावणार?

पहिली तारीख ठरवून काकांनी सगळ्यांकडून लेखी मत मागवलं, तर ती नेमकी अमावास्या निघाली. तळमजल्यावरच्या जोशीबाईंनी हरकत घेतली, आणि तीही लेखी, त्यामुळे काकांना नाकारता येईना. सहल पुढच्या शनिवारी ढकलली. आक्का तेव्हा तिथेच बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि परत निवडत असलेल्या मेथीकडे वळल्या.

अशा रीतीनं आम्ही बावीसजण त्या शनिवारी मुंबईहून निघालो. सगळ्यांच्या अंगात स्वेटर. सात वाजता सगळ्यांच्या मांडीवर स्वेटर. काका ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर फाइल. "भैया, टाइम का ध्यान रखना," असं ते दर दहा मिनिटांनी त्याला सांगत होते. ड्रायव्हर पनवेलचा. "होय काका, बघतो ना मी," असं तो चक्क मराठीत उत्तर देत होता, आणि काका पुन्हा, "बिल्कुल, मगर ध्यान रखना." घराबाहेर पाऊल टाकलं की हिंदी, ही आम्हा दिल्लीकरांची खोड महाराष्ट्रातसुद्धा सुटत नाही. मी स्वतः चहावाल्याला "कितने हुए?" विचारलं आणि जीभ चावली.

आक्का खिडकीशी बसल्या होत्या. काका अधूनमधून मागे वळून त्यांच्याकडे बघत होते, आणि मी काकांकडे.

बरोबर सव्वाअकराला बस गावच्या किनाऱ्यावर थांबली. सुरूची झाडं ओलांडून आम्ही पुढे गेलो आणि उभेच राहिलो. समोर समुद्र नव्हता. राखाडी चिखल होता, त्यात चारदोन होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि लांब, पार लांब, एक चकाकती रेघ होती. माझ्या लेकीचा जन्म दिल्लीचा. ती म्हणाली, "आई, समुद्र बंद आहे का आज?"

ओहोटी. बावीस शिकलीसवरली माणसं. त्यांतले निम्मे केंद्र सरकारातले, उरलेले मोठमोठ्या कंपन्यांतले. धुकं धरलं, मंत्र्यांच्या गाड्या धरल्या, लघुशंका धरली, आणि समुद्राला भरती-ओहोटी असते हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. यमुनेच्या काठी राहून राहून पाणी जिथल्या तिथे असतं असं आम्ही धरूनच चाललो होतो.

काकांचा चेहरा बघवेना. ते फाइल उघडून वेळापत्रक वाचत होते, जसं काही त्यात चूक सापडली की पाणी येईल. "आक्का, मी विचारलं नाही गं कुणाला," एवढंच ते म्हणाले. त्या चिखलातून काठी टेकत आक्कांना दोन पावलंसुद्धा जाता आलं नसतं.

आक्का मात्र दगडी कठड्यावर निवांत बसल्या. "आज सप्तमी. भरतीची वेळ तिथीवरून काढतात. सात त्रिक एकवीस, त्याचा चौथा हिस्सा सव्वापाच. सव्वापाचला पूर्ण भरती. आता पाणी फिरलंय, तीनपर्यंत बरंच वर येईल. मागच्या शनिवारी, अमावास्येला आलो असतो, तर सव्वाअकराला इथं पायरीशी लाटा असत्या."

"तुला माहीत होतं?"

"मग? इथली आहे मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सगळ्यांना लेखी मत विचारलंस दिगू. मला कुठं कागद दिला होतास?"

जोशीबाई एकदम चप्पल शोधायला लागल्या. काका म्हणाले, "एक वाजता निघायचं आहे. बावीस माणसांचं विमान आहे. एका माणसासाठी वेळापत्रक बदलणं नियमात बसत नाही." स्वतःच्या बहिणीसाठी नियम मोडायचा नाही, हा त्यांचा चाळीस वर्षांचा बाणा, आणि आता तोच त्यांच्या गळ्याशी आला होता.

मला रागच आला. यार, इतका सरळ माणूस असतो का कुठे? मी त्यांच्या हातातून वेळापत्रक ओढून घेतलं, उलटं केलं आणि बसच्या पत्र्यावर टेकून लिहिलं. 'आम्ही खाली सह्या करणारे विनंती करतो की, आज धुके नसल्याने धुक्यासाठी राखीव ठेवलेले दोन तास व व्हीआयपी मूव्हमेंटची पंचेचाळीस मिनिटे समुद्राच्या खाती वर्ग करावीत.' सगळ्यांनी सह्या केल्या. जोशीबाईंनी सगळ्यात आधी केली. पंधरा मिनिटं कमी पडत होती, ती ड्रायव्हरनं चहाच्या थांब्यातून दिली आणि तशी सहीही केली.

काकांनी अर्ज दोनदा वाचला. मग पेन काढलं, 'मंजूर. ४.०० पर्यंत', आणि खाली तारखेसह सही. मला हायसं वाटलं. एवढं हायसं मला अप्रेजल झाल्यावरसुद्धा कधी वाटलेलं नाही.

जेवणं झाली. काहींनी सुरूखाली ताणून दिली. मी काकांबरोबर बसपाशी उभी होते, तेव्हा ते बसच्या डिकीकडे बोट दाखवून हळूच म्हणाले, "माझी मोठी बॅग आहे ना, तिच्यात आक्काचे कपडे आहेत. तीन महिन्यांची औषधं. पेन्शनचे कागद. इथे चुलतभावाच्या सुनेशी बोलून ठेवलंय, मागची खोली रिकामी आहे. हवेशीर आहे म्हणाली." मग त्यांनी डिकीचा खटका एकदा ओढून पाहिला. "मला स्वयंपाक येतो, मॅडम. तसं काही अडणार नाही."

मी नुसती मान हलवली.

तीन वाजून गेल्यावर पाणी खरंच आलं. होड्या आधी हलल्या, मग सरळ झाल्या, मग डुलायला लागल्या. साडेतीनला पायऱ्यांच्या खालच्या वाळूवर लाटा यायला लागल्या. आक्कांनी एका बाजूनं माझा हात धरला, दुसऱ्या बाजूनं काकांचा, आणि आम्ही तिघं घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिलो. आक्का हसत होत्या, तोंड भरून. काका बूट काढायला विसरले होते.

मग त्यांनी विचारून टाकलं. "आक्का, तुला राहायचं असेल तर राहा. सगळं सामान आणलंय. खोलीही बघितलीय."

आक्कांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. "कशाला?"

"माझ्यासाठी तुला इथून नेलं. तुझ्या मनाविरुद्ध."

"कुणी सांगितलं तुला?" आक्का शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "अरे, अण्णा मला नेणारच नव्हते. म्हणाले, पोरगी इथं काकूकडे राहू दे, मुलाला तेवढं दिल्लीला नेतो, तिथं बाई ठेवतो. मी रडून गाव गोळा केलं. दोन दिवस जेवले नाही. तुला कडेवरनं खाली ठेवेचना. शेवटी कंटाळून म्हणाले, चल बाई तूही. मला कुणी नेलं नाही दिगू. मी भांडून आले तुझ्याबरोबर."

वाकून काकांनी आक्कांच्या लुगड्याचा भिजलेला काठ हातात धरला आणि पिळत राहिले. लाट येऊन तो पुन्हा भिजत होता, ते पुन्हा पिळत होते. ते रडत होते, आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"पुरे आता," आक्का म्हणाल्या. "बघून झाला समुद्र. घरी जाऊ या. सोमवारी मला दातांच्या डॉक्टरकडे जायचंय."

चार वाजता बस निघाली. परतीचं विमान आरामात मिळालं, पण ती नंतरची गोष्ट. बस सुटली तेव्हा काकांनी ना घड्याळ पाहिलं, ना ड्रायव्हरला काही सांगितलं. ओल्या बुटांनिशी ते आक्कांशेजारी बसले आणि पाच मिनिटांत त्यांच्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले. सगळे चढलेत ना, हे आक्कांनीच मान वळवून बघितलं. मागे आमच्या पोरांनी गाण्याच्या भेंड्या सुरू केल्या होत्या. आक्कांनी ओठांवर बोट ठेवलं.

"जरा हळू रे," त्या म्हणाल्या. "दिगू झोपलाय."