मेलेल्या बापाने बोलायचं नसतं

व्हिडिओ संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायचा होता, आणि नटाचे वडील मरायला तयार नव्हते.

अर्थात ऑडिशनपुरतेच. हल्ली मालिकावाले आधी बोलावत नाहीत, घरूनच व्हिडिओ मागवतात. आधी नाव, उंची, मग चेहरा डावीकडून, उजवीकडून, आणि मग प्रसंग. इथे प्रसंग असा, की वडिलांच्या फोटोपुढे मुलगा मन मोकळं करतो. फोन बायको धरणार. फोटो समजून बघत बोलायला तिच्याशेजारी कुणीतरी उभं हवं, आणि घरात उरले होते बाबा. ही भूमिका हुकली तर सोमवारपासून मेहुण्याच्या नळांच्या दुकानात बसेन, असं नटाने कबूल करून टाकलं होतं.

बाबा गणिताचे निवृत्त मास्तर. मुलाला अठ्ठ्याण्णव गुण मिळाले तेव्हा त्यांनी "दोन कुठे गेले?" एवढंच विचारलं होतं.

"बाबा, तुम्ही फोटो आहात. बोलायचं नाही."

"बरं."

नटाने चेहरा डावीकडे वळवला.

"पोलिसांनी पकडल्यासारखा काय उभा राहतोस?" फोटो म्हणाला.

दुसऱ्या वेळी गाडी "तुम्ही मला कधी जवळ घेतलं नाहीत" इथपर्यंत पोचली.

"धादांत खोटं. गोवर आला होता तेव्हा रात्रभर कोण घेऊन बसलं होतं?"

"अहो, ते लिहिलेलं आहे."

"कोणी लिहिलं? त्याला काय माहीत आपल्या घरातलं?"

तिसऱ्या वेळी बाबांचे गुडघे दुखायला लागले. स्टूल आणलं, तर नटाची नजर जमिनीला लागली. मग स्टूल टेबलावर चढलं आणि स्टुलावर बाबा. एका हाताने फोन आणि दुसऱ्या हाताने सासरे सांभाळत बायको म्हणाली, "लवकर रड रे. पाच वाजत आले."

नट रडकुंडीला आलाच होता. "बाबा, एकदा तरी म्हणायचं होतंत, की चांगलं केलंस," तो म्हणाला, आणि डोळे आपोआप वाहू लागले. पुढचं वाक्य त्याला आठवेना. हा अभिनय नव्हता, हे तिघांनाही कळलं.

फोटोने चष्मा काढून पुसला.

"म्हणायचं राहून गेलं खरं. चांगलं करतोस तू. ते अठ्ठ्याण्णवसुद्धा चांगलेच होते."

पुन्हा करायला वेळ नव्हता, आणि कुणाला करायचंही नव्हतं. बायकोने एका हाताने डोळे पुसले आणि व्हिडिओ होता तसा पाठवून दिला. मग बाबांना खाली उतरवलं.

दोन दिवसांनी ऑडिशन घेणाऱ्या बाईंचा फोन आला. "भूमिका तुमची. आमच्या प्रसंगात फोटो बोलत नाही, पण शूटिंगलाही समोर तेच गृहस्थ हवेत, असं दिग्दर्शक म्हणतात. आणता येतील का?"

नटाने फोनवर हात ठेवून बाबांना विचारलं.

"येईन की," बाबा म्हणाले. "पण तो लिहिणारा तिथे असतो का, विचार. त्याला गोवराचं सांगायचंय."