माहूत मंचरला असतो

नानांच्या हत्तीला माहूत नाही. हत्ती तसा देखणा आहे. मुठीएवढा, कथलाचा, राखाडी अंगावर लाल झूल, सोंडेवर पांढरी नक्षी आणि पायांखाली चिमूटभर खरी माती. फक्त मानेवर बसणारा गायब. नवा आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "नाना, हत्ती हाकणारा कुठंय?" नाना चष्म्याच्या वरून त्याच्याकडे बघतात आणि गावातल्याच कुणाचा पत्ता सांगावा तसं सांगतात,

"हाय की. मंचरला असतो."

पाहुणा हसतो. नाना हसत नाहीत. मीही पहिल्यांदा हसलो होतो. तो विनोद नव्हता, हे कळायला मला तीन वर्षं लागली.

कुंडलिकनाना पिंपरी पेंढारला माझ्या शेजारी राहतात. सत्तरी ओलांडली आहे. आयुष्यभर गुरांच्या सरकारी दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाचा खूर, म्हशीचा सड, शेळीचा मोडलेला पाय, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. या नोकरीतून त्यांनी दोन गोष्टी घरी आणल्या. एक म्हणजे प्लास्टरचे साचे करण्याची कला, आणि दुसरी म्हणजे जाड सुईची सिरिंज. साच्यात ते भांड्यांच्या कल्हईचं कथील वितळवून ओततात आणि अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक काढतात. सिरिंजमध्ये डिंक भरतात. मावळे, मोगल, घोडेस्वार, बंदूकवाले, सगळे पडवीतल्या एका जुन्या दारावर उभे आहेत. दार म्हणजे आडवं टाकलेलं, चार विटांच्या थरांवर. त्यावर चुन्याच्या रेघांनी डोंगर, ओढे आणि वाटा काढल्या आहेत. फासे टाकायचे, पट्टीनं मोजून माणसं पुढे सरकवायची आणि लढाई खेळायची. नियम नानांनीच एका शंभरपानी वहीत लिहिले आहेत. कल्पना मात्र रद्दीत सापडलेल्या एका इंग्रजी मासिकातली. त्यातलं इंग्रजी समजलं नाही म्हणूनच खेळ चांगला झाला, असं ते म्हणतात.

मी नारायणगावच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. त्यामुळे मला इतिहासातलं काही कळत नाही, असं नानांचं ठाम मत आहे.

"मास्तर, तुमी तहाच्या तारखा शिकिवता. घोड्याला दिवसाला दाणा किती लागतो, ते शिकिवता का?"

"नाही, नाना."

"मंग ती पोरं लढाईला जात्यात कशानं? तारखेवर बसून?"

एकदा चित्रकला स्पर्धेला परीक्षक म्हणून मी त्यांना शाळेत नेलं, ती चूक माझीच. घोड्यावरच्या सरदाराचं एक सुंदर चित्र सगळ्या शिक्षकांनी पहिल्या नंबरासाठी बाजूला काढलं होतं. नानांनी ते दोन मिनिटं न्याहाळलं आणि म्हणाले, "ह्याचा पुढचा गुडघा उलटा वाकलाय. हा घोडा दवाखान्यात पायजे, गडावर न्हाई." पहिला नंबर गेला एका वांग्याच्या चित्राला. का, तर वांग्याला गुडघे नसतात.

पण नानांचं खरं वेड रंगात नाही. ते सैनिकाच्या पायाखालच्या चकतीत आहे. त्या चकतीला ते बैठक म्हणतात. "रंग कुनीबी देतं, मास्तर. बैठक जमली पायजे." जो सैनिक ज्या मुलखात उभा, त्याच्या पायाखाली त्याच मुलखाची माती. आंबेगावच्या वरच्या अंगाची तांबडी, आमच्या मळ्यांची काळी, शिवनेरीच्या पायथ्याची मुरमाड. खिडकीत लोणच्याच्या बरण्या ओळीनं मांडल्या आहेत आणि प्रत्येकीवर चिठ्ठी. लग्नाला बाहेरगावची मंडळी आली की नाना माणसाच्या तोंडाकडे न बघता चपलांकडे बघतात. एकदा नवरदेवाच्या मामांना त्यांनी भर मांडवात पाय झटकायला लावले होते. वऱ्हाडाला वाटलं, ही आमच्याकडची काही रीत असेल. मागोमाग आणखी दोघांनी झटकले.

याचा सगळा ताप कौसाकाकूंना. त्यांची चहाची गाळणी माती चाळायला जाते. त्यांचा तवा माती भाजायला जातो. बैठकीवरचं गवत काथ्याच्या पायपुसण्यातून उपटलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या पायपुसण्याला मधोमध टक्कल पडलं आहे. आता आमच्याही पडू लागलं आहे. डोळे रंगवायचा ब्रश रेडकाच्या कानातल्या केसांचा. "रेडकू सुदिक आता ह्यांना बघून कान पाडतंय," असं काकू सांगतात. एकदा नानांनी घाईत माती न भाजताच लावली, तर पावसाळ्यात एका मोगलाच्या पायाशी राजगिरा उगवला. आठ दिवसांत त्याच्या भाल्याच्या वर गेला. नानांनी तो उपटला नाही. वहीत नवा नियम लिहिला : 'जंगल. घोडेस्वारास बंदी.'

दर रविवारी सकाळी नाना लढाई खेळतात. एकटेच. पूर्वेच्या बाजूनं एक चाल करतात, मग दाराला वळसा घालून पश्चिमेला जातात आणि उलटी चाल करतात. लबाडी औषधालाही नाही. पूर्वेचे नाना हरले तर ते खरोखर चिडतात आणि पश्चिमेचे नाना गप्प राहतात. एक गोष्ट मात्र मला खटकायची. पश्चिमेच्या बाजूला गेले की नाना फासा डाव्या हातानं टाकायचे. मला वाटलं, खांदा दुखत असेल.

आणि सैन्यही विचित्रच. तोफ आहे, गोलंदाज नाहीत. नगारा आहे, नगारजी नाही. निशाणवाल्याच्या मुठीत निशाण नाही. एवढा हाडाचा काटेकोर माणूस सैन्य असं अर्धमुर्धं का ठेवतो, हे मी शेवटी काकूंनाच विचारलं. नाना तेव्हा मळ्यात गेले होते.

"धाकल्यानं नेलं की अर्धं," काकू म्हणाल्या. "वाटणीत."

नानांना शांताराम नावाचा धाकटा भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. लोक त्याला आप्पा म्हणतात. मंचरला कांदा-बटाट्याची आडत आहे. हे सगळं सैन्य दोघांनी मिळून केलेलं. वीस वर्षं दर रविवारी दोघं समोरासमोर बसून लढत. अकरा वर्षांपूर्वीच्या एका रविवारी आप्पांनी फासा टाकला. तो घरंगळत गेला आणि एका सैनिकाच्या बैठकीला टेकून कलंडला. धड आडवा नाही, धड उभा नाही. आप्पा म्हणाले, सहा. नाना म्हणाले, परत टाक. शब्दानं शब्द वाढला आणि आप्पा बोलून गेले, "तू बैठकाच एवढ्या उंच करतोस, मुद्दाम!"

"तेवढं बोलायला नको व्हतं," काकू म्हणाल्या. "मला बोलला असता तर चाललं असतं."

पुढे आप्पा मंचरला राहायला जायचे म्हणून घराची वाटणी झाली. मळा, विहीर, गोठा यांची वाटणी चहा निवायच्या आत मिटली. जमिनीवरून ब्र नाही. सैन्यावरून मात्र पंच बोलवावे लागले. पंच म्हणजे गावातले तात्या, भांड्यांच्या वाटण्यांत हातखंडा. त्यांनी दोनशे बारा नग मोजले आणि 'एक ह्याला, एक त्याला' करत सरळ वाटून टाकले. कोण मराठा, कोण मोगल, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माहूत त्या दिवशी रंग वाळायला म्हणून हत्तीवरून उतरवून ठेवला होता. तात्यांनी त्याला वेगळा नग धरला. हत्ती नानांकडे आला, माहूत आप्पांकडे गेला. दोघांनाही चूक दिसत होती. पण सांगायचं तर एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

"मग नानांनी नवा माहूत का नाही केला?"

"हत्ती ह्यांनी केला, माहूत त्यानं. दुसरा कसा करत्याल?" काकू गाळणी पदरानं पुसत म्हणाल्या. "ह्यांना लढाई नको, मास्तर. भाऊ पायजे. पन म्हनायचं कुनी?"

त्यानंतरच्या रविवारी मी पडवीत जाऊन बसलो. खेळ निम्म्यावर आला होता. नाना पश्चिमेला जाऊन उभे राहिले, डाव्या हातात फासा घेतला आणि तो टाकलाच नाही. खाली ठेवला.

"काय झालं, नाना?"

"मजा न्हाई. त्याची चाल मला आधीच म्हाईत असती."

मला इतकं वाईट वाटलं की मी जाण्याचं काही कारण नसताना सांगून टाकलं, "उद्या मी मंचरला चाललोय. काही आणायचं का?"

नानांनी बराच वेळ चष्मा पुसला. "माती आना वाइच. हायवेवरनं आत वळलं की आडतीचे गाळे लागत्यात. उजव्या हाताचे चार सोडायचे. पाचव्याच्या दारातली, पायरीच्या डाव्या अंगाची."

"चौथ्याच्या दारातली चालणार नाही?"

"न्हाई. रंग निराळा पडतो."

दुसऱ्या दिवशी मी मंचरच्या बाजारात, पाचव्या गाळ्याच्या पायरीशी उकिडवा बसून चमच्यानं माती खरवडत होतो. शाळेतलं कुणी बघू नये एवढीच प्रार्थना. हमाल पोती घेऊन माझ्यावरून जात होते. तेवढ्यात वरून आवाज आला, "काय हरवलं का, पावणं?"

मान वर केली. नानाच होते. पाच वर्षांनी लहान, थोडे जाड आणि कानावर पेन.

"माती घेतोय," मी म्हणालो.

"कुनासाठी?"

"पिंपरी पेंढारला पाहिजे."

आप्पांनी वाकून चमच्यातली माती दोन बोटांत चोळली. मग म्हणाले, "दोनदा चाळाय सांगा. हितं कांद्याची टरफलं लई." आणि आत वळता वळता, "या, चा घ्या."

आत गादीशेजारच्या मेजावर एक बटाटा होता आणि बटाट्यावर माहूत बसला होता. पिवळी पगडी, हातात अंकुश, दोन्ही पाय फाकलेले, अगदी ऐटीत. रंग ताजा होता. "बटाटा दर आठवड्याला बदलावा लागतो," आप्पा म्हणाले. "कोंब येत्यात." मी काही विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "हत्ती कसा हाय? मागचा डावा पाय बैठकीवर नीट टेकत नव्हता त्याचा."

"आता टेकतो. नानांनी खाली मुरूम भरलाय."

"भरनारच," आप्पा म्हणाले. त्यांनी चुन्याची रिकामी डबी काढली, कापूस घातला, माहूत आडवा ठेवला आणि वर एका कागदावर दोन शब्द लिहिले. डाव्या हातानं लिहिले. नानांचा खांदा कधीच दुखत नव्हता, हे मला तेव्हा उमगलं.

चिठ्ठीत होतं : 'उसना देतोय.'

मी घरी आणून दिलेली डबी नानांनी उघडली, चिठ्ठी वाचली, हात धुऊन आले. माहूत दोन बोटांत धरून हत्तीच्या मानेवर ठेवला. तो असा चपखल बसला, जणू सकाळीच उतरला होता. काकू दारात उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी सिरिंज पुढे केली.

"नको," नाना म्हणाले. "उसन्या मानसाला चिकटिवत न्हाईत."

"मग परत मी पोचवू का?"

"तुमी कशाला? ज्याचा हाय तो यील न्यायला."

पुढच्या रविवारी सकाळी दारात कांद्याची पिकअप थांबली. आप्पा उतरले, हातात टोमॅटोचं क्रेट. क्रेटमध्ये पेंढ्यात झोपवलेले एकशे पाच सैनिक, आणि बगलेत एक परात. परात कशाला, म्हणून मी बघायला लागलो तर पडवीत दारावर, नेमकी मधोमध, काकूंची परात नानांनी आधीच मांडून ठेवलेली. फासा तिच्यात टाकायचा, म्हणजे कुठल्या बैठकीला टेकायची भीती नाही. दोघांनी एकमेकांच्या पराती पाहिल्या. अकरा वर्षांची रविवारची सुट्टी एका परातीअभावी गेली, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण काकूंनी डोळे मोठे केले.

मग आप्पा वाकले, एका बैठकीला नाक लावून म्हणाले, "माती एकदाच चाळलीय." नाना म्हणाले, "तुझ्या दारातली घान हाय ती." आणि लढाई सुरू झाली. गोलंदाज तोफेला मिळाले, निशाण मुठीत आलं, राजगिऱ्याच्या जंगलाच्या नियमावरून दोनदा कडाक्याचं भांडण झालं. इतकं की मला वाटलं, आता पुन्हा तात्यांना बोलवावं लागतंय. काकूंनी मात्र स्वयंपाकघरात आनंदानं पुरणाला डाळ टाकली. दुपारी तीनला नाना हरले. मी त्यांना हरून इतकं खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी आप्पा निघाले. क्रेट भरलं, परात घेतली, पिकअपमध्ये बसले. माझं सहज पडवीतल्या आडव्या दाराकडे लक्ष गेलं. हत्तीवर माहूत तसाच.

"आप्पा!" मी धावत गेलो. "तुमचा माहूत राहिला!"

गाडीतून आप्पांनी आणि पडवीतून नानांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं. दोघांची नजर हुबेहूब एकसारखी.

"ऱ्हाऊ द्या," आप्पा म्हणाले. "फुडल्या रविवारी नेतो."

गाडी गेली. नाना माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "मास्तर, तुमाला इतिहासातलं खरंच काय कळत न्हाई."

त्यानंतर पुष्कळ रविवार झाले. आप्पा दर वेळी माहूत न्यायला येतात आणि दर वेळी तो राहून जातो. चिकटवलेला अजून नाही.